सीपीयूतल्या पन्न्या

आमच्या घरचा कॉम्प्युटर आधी एखादवेळी आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचा. मग हे रोजचंच झालं. मी शिक्षिका आहे, अर्जुनी मोरगावला राहते. प्रश्नपत्रिका, निकाल, वरून मागितलेली ऑनलाइन माहिती, सगळं घरी बसूनच करावं लागतं. अर्धं पान टाइप झालं की पडदा काळा व्हायचा आणि मशीन पहिल्यापासून सुरू. जे सेव्ह केलं नसेल ते गेलं.

आधी मी विजेला दोष दिला. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून यूपीएस आणला. काही फरक पडला नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं ठाम होतं, की मी शाळेतून पेनड्राइव्ह आणते आणि त्यातून व्हायरस येतो. त्यांचं शेतीच्या पाइपांचं दुकान आहे. संध्याकाळी घरी आले की खोलीचं दार लोटून ते कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघत बसायचे. गोंदियाहून दुरुस्तीवाला बोलावला तेव्हा त्यालाही त्यांनी पेनड्राइव्हचंच सांगितलं. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. त्याने विंडोज नव्याने टाकली आणि निघून गेला. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच.

शेवटी मी स्वतःच मागे लागले. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं, म्हणजे बिघाडाची निळी पाटी तरी दिसेल. पाटी आलीच नाही. मशीन तसंच अचानक बंद पडायचं. सकाळी खोली थंड असली की ते बराच वेळ चालायचं, दुपारी मात्र लगेच मान टाकायचं. दुरुस्तीवाल्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, गरम होत असणार, पत्रा उघडून पंखा बघा.

आणि एक वास येत होता. टेबलाखालून, माझ्या पायांशी, गरम, गोडसर, कुबट. एखादी वायर तापत असेल असं मला वाटायचं. त्या वासात बसून मी मुलांचे निकाल केले. शेजारी बशी ठेवून पोहेही खाल्ले.

रविवारी दुपारी हे जेवून पडले होते. मी प्लग काढला, सीपीयू पलंगावर आडवा ठेवला, मागचे स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा सरकवला.

आत खर्ऱ्याच्या पन्न्या होत्या. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. आमच्याकडे गल्लोगल्ली मिळतो. तळाला त्या चुरगळलेल्या पन्न्यांचा थर साचला होता. काही सुकून एकमेकींना चिकटलेल्या, काहींना चुन्याचे पांढरे डाग. तांबूस चिकट सुपारीत धूळ आणि केस बसले होते. त्यातून झुरळाची पिल्लं पळाली. प्रोसेसरच्या पंख्यावर एक पन्नी ओढली जाऊन पाती अडली होती. सीडी ड्राइव्ह बिघडला तेव्हा आम्ही काढून टाकला होता, त्याची पुढची चौकट उघडीच राहिली होती. पन्न्या तिथून कोंबलेल्या. मी तोंडाला पदर लावला.

मागच्या वर्षी यांचं तोंड उघडेनासं झालं होतं. घास मोठा झाला तर आत जात नव्हता. खर्रा सोडला नाही तर पुढे काय होईल हे डॉक्टरांनी माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, आणि यांनी घरी येऊन आईला सांगितलं की सोडला. तोंडाला तिखट झोंबायचं म्हणून मी घरात तिखट घालणं बंद केलं. सासूबाईंना झणझणीत भाजी लागते, पण लेकासाठी त्या म्हातारपणी फिक्कं वरण मुकाट्याने खात होत्या.

मी यांना उठवलं. ते दारात आले, पलंगाकडे बघितलं आणि तिथेच थांबले.

"हे काय होय?" मी विचारलं.

"जुन्या होत त्या. आता नाही खाऊन राहिलो मी."

मी चिमट्याने एक पन्नी उचलून त्यांच्यासमोर धरली. "ही ओली आहे."

बाहेरच्या डब्यात टाकली असती तर तू पाहिली असतीस, असं ते हळू आवाजात म्हणाले. कपडे धुताना मी खिसे तपासते म्हणून खिशातही ठेवता येत नव्हती. मला राग यायला हवा होता, पण आली ती किळसच. ज्या कीबोर्डवर माझी बोटं फिरतात त्याच कीबोर्डवर यांची ती बोटं फिरत होती. आणि त्याच तोंडाने ते माझ्या पेनड्राइव्हला नावं ठेवत होते.

सगळं तुम्हीच साफ करा, असं मी सांगितलं. ते अंगणात बसून जुन्या ब्रशने पंखा घासत होते. सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी पन्न्यांचा ढीग पाहिला आणि लेकाला एवढंच विचारलं, "मले कायले फसवलंस?" मग त्या उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी मी भाजीत तिखट घातलं. हे दूधभात खाऊन उठले.

त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही आपोआप बंद पडला नाही. कीबोर्ड मी नवा आणला आणि तो माझ्या कपाटात ठेवते.

पुढच्या आठवड्यात मीच यांना नागपूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चवड दातांमध्ये धरून तोंड थोडं थोडं मोठं करायचा व्यायाम दिला. आता रोज सकाळी हे आरशासमोर तसे बसतात. लाळ हनुवटीवरून बनियनवर गळते. चवड दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणून पुढची काडी मधे मी सरकवते. तेव्हा माझी नजर भिंतीकडे असते.