चाचीनं 'कापा' म्हटलं त्या दिवशी

सुरजीत चाचीनं नवऱ्याचा जीव वाचवला. त्याबद्दल नवरा तिच्याशी कित्येक महिने बोलला नाही.

आज पहाटे चाची गेली. झोपेतच. हार्ट.

चाची आमची घरमालकीण. खाली ती आणि चाचाजी, वर आम्ही.

मूळची उमरेडची. वडिलांचे कोळशाचे ट्रक. पंजाबी आणि वऱ्हाडी, दोन्ही पक्क्या. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मला म्हणाली, "सामान काहून उन्हात ठेवून राहिली वं? आत आण पहिले."

बस, तेव्हापासून आम्ही घरचेच.

आता त्या दिवसाचं सांगते.

गुरू नानक जयंतीचं नगर कीर्तन. सजवलेल्या पालखीत गुरू ग्रंथ साहिब, आणि पालखीच्या पुढे काही माणसं अनवाणी रस्ता झाडत, पाणी शिंपडत चालतात. चाचाजी दरवर्षी झाडू घेऊन सगळ्यात पुढे.

त्या वर्षी ओल्या रस्त्यावर पाय घसरला. डोकं डिव्हायडरवर आपटलं.

लगेच उठले. "पगडीनं वाचवलं," म्हणून हसले, आणि परत झाडू घेतला.

दुपारी लंगरला पंगतीत माझ्या शेजारीच बसले होते. हातातली रोटी खाली पडली. उचलायला गेले, तर हातच उठेना. काहीतरी बोलत होते, पण शब्द नीट येत नव्हते.

हॉस्पिटल. स्कॅन. डॉक्टर बाहेर आले.

"मेंदूवर रक्त साचतंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. आणि डोक्यावरचे केस काढावे लागतील."

चाचाजींनी ऐकलं. स्ट्रेचरवर अर्धवट शुद्धीत होते. चांगला हात उचलून त्यांनी डोक्यावरचा केसांचा जूडा मुठीत धरला.

"केश नहीं. सुरजीत, केश नहीं."

मग डोळे मिटले. मूठ सैल पडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चाचाजींनी अमृत घेतलेलं. म्हणजे गुरूसमोर रीतसर दीक्षा. अशा शिखासाठी केस म्हणजे गुरूची देणगी. जन्मात कात्री लागलेली नाही. ते कापणं म्हणजे गुरूला दिलेला शब्द मोडणं.

मुलगा तेव्हा कॅनडात होता. फोन उचलत नव्हता.

चाचाजींचे मोठे भाऊ तिथेच उभे होते. "उसने खुद मना किया है, सुरजीत. उसकी बात रख."

डॉक्टर पुन्हा बाहेर आले. "एका डोळ्याची बाहुली पसरतेय. मला आता थांबता येणार नाही."

चाचीनं माझ्याकडे पाहिलं. "मंजू, तू काय करशील वं?"

"मले नाही माहीत चाची."

खरंच नव्हतं माहीत. आजही नाही.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. ओठ हलत होते, वाहेगुरू, वाहेगुरू. तो कॉरिडॉर, तो फिनाईलचा वास, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय.

मग ती भाईसाबांना म्हणाली, "ये ही नहीं रहे, तो केश किसके सिर पर रहेंगे?"

आणि डॉक्टरांकडे वळली.

"कापा. पण जूडा मी सोडते."

आत गेली. जूड्यात खोचलेला लाकडी कंगा काढला. जूडा सोडला. बोटांनी एकेक गुंता मोकळा केला, जसा आपण लेकराचा करतो. कापलेले केस तिनं आपल्या चुन्नीत घेतले. एक केस खाली पडू दिला नाही.

भाईसाब निघून गेले. जाताना तिच्याकडे बघितलंही नाही.

चाचाजी वाचले.

घरी आले. एकदा डोक्यावरून हात फिरवला. ओरडले नाहीत, रडले नाहीत. नुसते गप्प झाले.

चाचीशी एक शब्द नाही.

"मंजू, उसको बोल चाय में शक्कर कम डाले." चाची समोर बसलेली असायची.

गुरुद्वाऱ्यात जाणं बंद. कळमेश्वरचं त्यांचं वर्कशॉपही बंदच. दिवसभर त्या खोलीत दोन माणसं आणि टीव्ही. मी जिन्यावरून उतरायलासुद्धा घाबरायची.

एकदा मी चाचीला विचारलं, "राग नाही येत?"

"येतो ना. पण तो बसून तर राहिला समोर. रागवायले माणूस लागते वं."

बैसाखी आली. त्या दिवशी पंज प्यारे बसतात. गुरूच्या वतीनं निर्णय देणारे पाच जण. ज्याच्याकडून चूक झाली, तो त्यांच्यासमोर उभा राहतो.

आधी चाची एकटी जाऊन उभी राहिली. "निर्णय माझा होता. शिक्षा म्हणून जी सेवा लावायची ती मला लावा."

पाच जणांनी सांगितलं, चाचाजींना घेऊन या.

घरी येऊन ती चाचाजींसमोर उभी राहिली. पंजाबीत बोलली, पण मला सगळं कळलं. "माझ्यावर रुसा. जन्मभर रुसा. गुरूवर काहून रुसता?"

चाचाजी उठून पगडी बांधायला बसले.

पाच जणांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तुमच्या इच्छेनं काही झालेलं नाही. जीव वाचवायला झालं. पण तुमच्या मनावर ओझं आहे, तर जोडेघरात सेवा करा. संगतीचे जोडे पुसा. मन हलकं होईल.

चाचाजींनी हात जोडून विचारलं, "और ये?"

"इन पर कोई दोष नहीं."

तरी चाची त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघं जोडे पुसत होते. नागपूरचं एप्रिलचं ऊन, पत्र्याखाली नुसती भट्टी. चाचीचं तोंड लालेलाल.

चाचाजींनी हातातली चप्पल खाली ठेवली.

"सुरजीत, पानी पी ले."

चाची पाणी प्यायली. मग तोंडाला चुन्नी लावून रडली. हॉस्पिटलमध्ये रडली नव्हती ती.

त्यानंतर बरीच वर्षं चांगली गेली. भांडणंसुद्धा झाली, चांगली मोठ्ठ्यानं. पण त्या दिवसाचा विषय दोघांनी कधी काढला नाही.

आज दुपारी घाटावर अरदासची प्रार्थना झाली. चितेला अग्नी द्यायच्या आधी चाचाजी वाकले, आणि बराच वेळ तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिले. मुलानं त्यांना धरून उठवलं.

परत येताना गाडीत मला म्हणाले, "बेटा, 'तूने ठीक किया था', ये मैंने उसको कभी बोला ही नहीं. आज बोला."

मी त्यांचा हात धरून बसले.

अंतिम अरदास रविवारी सकाळी, आपल्या गुरुद्वाऱ्यात. नंतर लंगर. ओळखत असाल, नसाल, सगळे या. जेवल्याशिवाय कोणी जाऊ नका, तिला नाही आवडायचं.

चाची, जा आता निवांत. खाली चाचाजींकडे बघायला आम्ही आहोत.

तुमच्या मंजूचा साश्रू नमस्कार. वाहेगुरू.