सरळ रेषेतला माणूस

स्वतः माणूस असल्याचे सिद्ध करण्यासाठी आमच्या घरमालकांइतके कष्ट या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणाला पडले असतील, असे मला वाटत नाही. हे विधान मी भीत भीतच करीत आहे. उतारवयात लिहू लागलेल्या आणि आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलेल्या माणसाला ठाम विधाने करण्याची सवय नसते. परंतु कुंभवलीच्या त्या घराच्या माडीवर मी अकरा वर्षे भाडेकरू म्हणून राहिलो, आणि त्या अनुभवावर एवढे धाडस क्षम्य ठरावे.

घरमालकांची सारी हयात तारापूरच्या कारखान्यांत दाबमापके आणि झडपा सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण झडपा सुटल्या नाहीत. घरातील प्रत्येक नळाला, दिव्याच्या प्रत्येक बटनाला त्यांनी क्रमांक कोरलेला पत्र्याचा बिल्ला लावला होता. एकदा माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांनी हात धुण्यासाठी नळ कुठे आहे असे विचारले, तेव्हा खालून आवाज आला, "सात नंबर उघडा. अर्धा फेरा. पूर्ण उघडलात तर नऊ नंबरचा दाब पडतो!" पाहुणे हात न धुताच जेवायला बसले. कुकरच्या शिट्ट्यांची नोंद एका वहीत होई, आणि सकाळचा चहा सहा वाजून दहा मिनिटांनी येई. माझ्या दारावर ते नेहमी तीनच टकटका मारीत, आणि त्या तिन्हींमधले अंतर इतके समान असे की दुसरी ऐकल्यावर तिसरीच्या ठेक्यावर मी दार उघडू लागलो होतो. मालकीणबाई एवढेच म्हणत, "मला अजून बिल्ला लावला नाही, हे नशीब समजायचं."

त्यांचा एक सिद्धान्त होता : जे काम माणसाला दोनदा करावे लागले, ते तिसऱ्यांदा यंत्राने करावे. याच निष्ठेने त्यांनी ओसरीवर संगणक मांडला आणि आसपासच्या लोकांचे सरकारी अर्ज फुकट भरून देऊ लागले. अर्ज ते बिनचूक भरीत. अडचण शेवटच्या पायरीवर येई. तिथे एक लहानशी चौकट विचारी की आपण यंत्र नसून माणूस आहात ना? घरमालक माऊस धरून बाण थेट सरळ रेषेत, एकाच वेगाने चौकटीपाशी नेत आणि एकदाच टिचकी मारीत. पस्तीस वर्षांची शिस्त ती! चौकटीला संशय येई. मग चित्रे येत. चित्रेही ते डावीकडून उजवीकडे, ओळीने, सारख्या अंतराने टिपीत. संशय बळावे. मग आणखी चित्रे. एका सकाळी सलग चौदा वेळा चित्रे ओळखूनही त्यांना माणूस मानले गेले नाही. मालकीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगते आहे?"

त्याच दिवशी मी खाली गेलो असता त्यांनी मला खुर्चीवर बसवले. "मास्तर, जरा दाबून बघा."

मला दडपण आले. बाण थोडा पुढे गेला, बिचकला, मागे आला, चौकटीच्या भोवती घुटमळला. चूक झाली तर काय, या विचाराने मी दोनदा हात काढून घेतला आणि शेवटी डोळे मिटून टिचकी मारली. हिरवी खूण तत्काळ उमटली. एकही चित्र आले नाही. घरमालक माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी एखादे दुर्मीळ उपकरण होतो. "तुमचा हात कापतो, म्हणून तुम्ही माणूस," ते हळूच म्हणाले. माझ्या भिडस्तपणाचा कुणी गौरव केल्याचा तो माझ्या आयुष्यातील पहिला प्रसंग.

पुढले पंधरा दिवस त्यांनी माझ्या संकोचाचा अभ्यास केला. मी किती वेळ बिचकतो, बाण कुठे अडखळतो, हे सारे वहीत टिपले गेले. मग जुन्या प्रिंटरचे रूळ आणि शिवणयंत्राची मोटार जोडून त्यांनी एक लाकडी हात तयार केला. त्या हाताला थरथर यावी म्हणून मोटारीवर एका बाजूला नट-बोल्टचे वजन बांधले. चित्रे ओळखणारा प्रोग्रामही महिनाभर खपून स्वतःच लिहिला. तो हात माऊस धरून हुबेहूब माझ्यासारखा घुटमळू लागला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. "हे कितपत योग्य आहे?" असे मी विचारले, पण मोटारीच्या आवाजात ते मलाही नीट ऐकू आले नाही.

त्या यंत्राची परीक्षा दांडी गावच्या मावशींच्या कामात झाली. मावशी आमच्याकडे मासळी घेऊन येत. त्यांच्या होडीच्या तपासणीची वेळ संकेतस्थळावरून घ्यायची होती. रोज सकाळी दहाला थोड्या वेळा खुल्या होत आणि काही मिनिटांत संपत. वेळ मिळाली नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून साऱ्या गावाच्या होड्या समुद्रात गेल्यावर मावशींची एकटी किनाऱ्यावर उभी राहणार. मुदतीचे दोनच दिवस उरले होते.

दहा वाजले. लाकडी हात बिचकला, घुटमळला आणि चौकटीने त्याला बिनतक्रार माणूस मानले. तीन मिनिटांत काम फत्ते! घरमालकांनी अभिमानाने सांगितले, "मावशी, तुमच्या एका होडीसाठी पाच वेळा घेतल्यात. एक मुख्य, चार राखीव. एक बिघडली तर दुसरी."

मावशींनी डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवली. "पाच? माज्या नणंदेला काल बी नाय मिलाली, आज बी नाय. बोईसरच्या फारम भरायच्या दुकानात सकालपासून बसलीय ती. तिची तुमी घेतली का काय?"

"तसं नाही... म्हणजे, कुणाची तरी गेली असणारच."

"भाऊ, आमच्याकडं बोट किनाऱ्याला लागली का आमी बायका पाट्या ठेवून नंबर लावतो. पाटी ठेवून च्या प्याला गेलं तरी चालते. पन हाक मारली का पाटीच्या मागं बाई पायजे! नुसती पाटी असली तर उचलून बाजूला फेकतात. तुमी पाच पाट्या ठेवल्या, बाई एकच!"

घरमालकांनी मोटार बंद केली. मग म्हणाले, "परत करता येतील. पण नियम असा आहे, एक सोडली की त्या होडीच्या पाचही जातात. उद्या शेवटचा दिवस आहे, मावशी."

मावशींनी एकदा लाकडी हाताकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "सोडा," त्या म्हणाल्या. "उद्या मी सोता येते. पाटीच्या मागं."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर लाकडी हात नव्हता. मी आणि शेजारी मावशी. घरमालक मागे घड्याळ धरून उभे. दहा वाजले. चौकटीने त्या दिवशी मलाही सोडले नाही. चित्रे आली, होड्या असलेली निवडा म्हणून. तीन दिसल्या, त्या मी टिपल्या. चौथ्या चित्रात वाळूवर नुसता झावळ्यांचा ढीग होता. मी पुढे जाणार, तोच मावशींनी माझे मनगट धरले.

"अरे मास्तर, ती पन होडीच हाय! पावसाल्याची झाकलीय. नाल दिसते ना खालून!"

मला होडीच्या पुढच्या टोकाची ती नाळ दिसली नाही. माझा हात कापत होता. तरी मी तिथे टिचकी मारली. हिरवी खूण उमटली, आणि मावशींना वेळ मिळाली. एकच. थोड्या वेळाने बोईसरहून नणंदेचाही फोन आला, तिलाही मिळाली. मावशींनी त्या दिवशी सुक्या बोंबलांचे पैसे घेतले नाहीत आणि जाताना म्हणाल्या, "भाऊ, तुमचा लाकडाचा मानूस चांगला हाय. पन त्याला झाकलेली होडी नाय कलत."

"बरोबर आहे," घरमालक म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मोटार परत शिवणयंत्राला बसवली, आणि मालकीणबाईंनी त्या बिल्ल्यांच्या घरात पहिल्यांदा मोठ्याने गाणे म्हणत पडदे शिवले.

आता दोघेही नाशिकला मुलीकडे असतात. अर्जांची ओसरी माझ्याकडे आली आहे. नळांचे बिल्ले मी काढलेले नाहीत. सात नंबर अजून अर्धा फेराच उघडतो. चौकट समोर आली की माझा बाण पूर्वीसारखाच बिचकतो, आणि मागे कुणीतरी घड्याळ धरून उभे असल्याचा भास होतो. रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नाशिकहून फोन येतो. घंटा तिसऱ्यांदा वाजते, त्याच ठेक्यावर मी तो उचलतो.

"काय मास्तर, या आठवड्यात माणूस मानलं का?"

"मानलं," मी सांगतो.

"छान," ते म्हणतात. "मला अजून नाही." मग दोघेही हसतो, आणि फोन कुणी आधी ठेवायचा याविषयी, त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, तेही थोडे घुटमळतात.