विलास म्हणाला, सोड आता

'तुझ्याच्यानं हे होणार नाही' असं मला तोंडावर सांगणारा एकच माणूस होता.

तो काल गेला.

विलास. सटाण्याला, त्याच्या घरी. हार्ट अटॅक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मनमाडचा, वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेत फिटर. बी.ए. झालो आणि स्पर्धा परीक्षा द्यायला नाशिकला आलो. पंचवटीत एक खोली घेतली. एकच खिडकी, आणि खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत.

विलास माझा रूम पार्टनर. तोही तीच परीक्षा देत होता.

पहिल्यांदा नापास झालो तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा लाज वाटली.
नंतर नंतर काहीच वाटेना.

अवघड होतं ते घरी जाणं.

आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सगळे मला 'साहेब' म्हणायचे. चेष्टेनं नाही, मनापासून. अण्णांनीच सांगून ठेवलं होतं सगळ्यांना.

प्रत्येक निकालानंतर अण्णा म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

आई डबा भरून द्यायची. मावशी म्हणायची, तू तर आमच्यात सगळ्यात हुशार. सगळे प्रेमानंच बोलायचे. त्यातलं एकही वाक्य मला खरं वाटायचं नाही, आणि तसं त्यांना सांगताही यायचं नाही.

परतताना नाशिक रोड स्टेशनला सगळे उतरले की शेवटी मी उतरायचो. परत ती खोली. तेच गाइड. पानं उलटायचो, डोक्यात काही शिरायचं नाही. सकाळी जाग आली तरी भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो. बरोबरचे मित्र नोकरीला लागले, त्यांची लग्नं झाली. कोणी समोरून येताना दिसला की मी गल्ली बदलायचो.

सोडायचं म्हटलं, तर अण्णांना काय सांगू?
नाही सोडायचं, तर किती वर्षं?

आमची मेस रविवारी संध्याकाळी बंद असायची. मग मी खोलीतच स्टोव्ह पेटवायचो. शेवभाजी, भाकरी, कधी खिचडी. हळूहळू मजल्यावरची पोरं आपापलं ताट घेऊन यायला लागली. मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. पण आठवड्यात त्या एकाच दिवशी मी लवकर उठून बाजारात जायचो, एवढं खरं.

असंच एकदा सगळे जेवून गेले. विलास भांडी घासत होता. पाठमोराच म्हणाला,

"दिप्या, एक बोलू? राग नको मानू."

"बोल ना."

"सोड आता. तुझ्याच्यानं हे होणार नाही भो. तुझे सराव पेपर वाचलेत मी. त्यात तू कुठंच नाही."

मी स्टोव्ह पुसायला लागलो.

"आणि आज एवढी पोरं जेवली. कोणाला तिखट चालत नाही, कोण लाजून कमी जेवतं, तुला सगळं माहीत. संज्याला ताप होता, तर त्याला तू वेगळी मऊ खिचडी टाकली. बघितलं मी. मला नाही जमणार हे. तू मेस टाक."

आधी रागच आला. एवढा शिकलो, आणि हा म्हणतो मेस टाक.

मग रडू आलं. कारण कित्येक वर्षांनी कोणीतरी माझ्याबद्दल चांगलं बोललं होतं आणि ते मला पटलं होतं.

"अण्णांना कोण सांगणार?"

"मी येतो की."

आला. खरंच मनमाडला आला.

अण्णा ड्यूटीवरून येऊन बसले होते. मी दाराशीच उभा राहिलो. विलासच बोलला.

"काका, नापास मीपण झालोय. पण मी अजून बसणार, मला ते वाचायला आवडतं. ह्याला नाही आवडत. हा तुमच्यासाठी बसतोय."

अण्णांनी बुटाच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाले, "मी लोकांना काय सांगू?"

"आहे ते सांगा. दोन दिवस बोलतील."

लोक चांगले वर्षभर बोलले. तेवढे दिवस अण्णा माझ्याशी धड बोलले नाहीत. पण कॉलेज रोडच्या मागं मेस सुरू झाली. पहिल्या दिवशी वाढायला विलास होता. रिटायर झाल्यावर अण्णा स्वतःहून आले आणि गल्ल्यावर बसायला लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मुलाची आहे."

विलासचं सिलेक्शन काही झालं नाही. तो सटाण्याला गेला, खतांचं दुकान टाकलं. नाशिकला आला की जेवायला माझ्याकडंच.

एकदा मी म्हटलं, "तू नसतास तर मी त्या खोलीतच संपलो असतो."

तर त्याच्या अहिराणीत म्हणाला, "भाजी थंडी व्हई राहिनी. वाढ."

काल सटाण्याला गेलो.

सगळ्यांना फोन त्याच्या मुलीनं केले होते. प्राचीनं. येणारा प्रत्येक जण तिला सांगत होता, खंबीर राहा, आता तूच आईला सांभाळायचंस. ती नुसती मान हलवत होती. तसं मान हलवणं मला चांगलं माहीत आहे.

मी तिला बाजूला घेतलं.

"सकाळी तुझा फोन आला तेव्हा मला बोलता येईना. तू लाइनवर थांबलीस, घाई नाही केलीस. फार चांगलं केलंस बेटा. आता थोडा वेळ कोणासाठी काही करू नको. आईजवळ जाऊन बस."

ती गेली. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि मग मोठ्यानं रडली.

विलास, सावकाश जा भो.

तुझा,
दिप्या