शनिवारचा बिल्ला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकींजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढा एक विषय टाळून पुढे सरकते — जसं काही त्याला ठाऊकच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, गंगूलाही ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. सोपं जाईल असं मात्र वाटत नाही. बघू या.

गंगू म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. शाळा पाचगणीची, मुलींची, इंग्रज बायकांनी चालवलेली आणि तिथंच राहायची. दिवस लढाईचे. आमच्या जेवणघरात निम्मं जग बसलेलं असायचं — इराणी मुली, पारशी मुली, झांजिबारच्या एका व्यापाऱ्याच्या तिघी बहिणी, बसऱ्याची एक, चार-पाच गोऱ्या. त्यात मराठी दोघीच. मी उंब्रजची आणि ती जतची. दोघींचे वडील फौजेत सुभेदार. कुणा कर्नलच्या मडमेनं शब्द टाकला म्हणून आम्हाला तिथं घेतलेलं. माझे वडील देवळालीला, भरतीच्या कचेरीत, म्हणजे सुखरूप. तिचे लढाईवर.

ती आली तेव्हा मला तिथं आठ महिने झाले होते. तेवढ्यावर मी स्वतःला जुनी-जाणती समजायचे. काटे-चमचे कसे धरायचे ते मीच तिला शिकवलं, चुकली की हसायचीही मीच. आमचा ऊस, तिच्या घरी मेंढरं. मी उसाच्या बढाया मारायची, ती मेंढरांच्या. नळाला दिवसभर पाणी असतं हे तिला कितीतरी दिवस खरंच वाटेना. दुसऱ्यांनी सोडून दिलेले नळ ती मागे जाऊन बंद करायची. मुली हसायच्या. मीसुद्धा.

आता बिल्ल्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शाळेत इंग्रजीखेरीज एक शब्द बोलायची बंदी होती. रुपयाएवढी एक लाकडी चकती होती, तिला आम्ही बिल्ला म्हणायचो. कुणी आपल्या भाषेत बोलताना सापडली की बिल्ला तिच्याकडे जायचा. मग तिनं दुसरी कुणी पकडायची आणि गुपचूप तिच्या एप्रनच्या खिशात तो टाकायचा. कुणी टाकला हे विचारायचं नाही, सांगायचंही नाही, तक्रार तर नाहीच — ते मोठ्या घरच्या मुलींना शोभत नाही म्हणे. शनिवारी पाचची घंटा झाली की ज्या खिशात बिल्ला असेल तिनं उभं राहायचं. शिक्षा म्हणजे रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत शिवणाच्या खोलीत बसून साऱ्या शाळेचे मोजे रफू करायचे. बाहेर जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही.

कुणाला भेटायचं नाही. हा नियम मला नीट माहीत नव्हता, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. आत्ता तुम्हालाही तेच सांगणार होते, बघा. पण मला माहीत होता. चांगला माहीत होता.

त्या आठवड्यात गंगूचे अप्पा यायचे होते. चार दिवसांची रजा मिळाली होती, नंतर बोटीवर चढायचं होतं. आधी जतला घरी, मग रविवारी पाचगणीला लेकीकडे, आणि तिथून परस्पर वाठारला आगगाडी. ही बातमी कळल्या दिवसापासून गंगूनं तोंडाला कुलूप घातलं. चुकूनही बिल्ला येता कामा नये. तिचं इंग्रजी ते केवढं — मूठभर. तेवढ्यात जे मावेल ते बोलायचं, बाकी गप्प. आठ दिवस ती पोर जवळजवळ मुकी होती.

आणि बिल्ला माझ्याकडे होता. शुक्रवारी शिवताना बोटात सुई गेली आणि मी ‘आई गं’ म्हणाले, एवढंच. झांजिबारच्या मधलीनं ऐकलं आणि तिनं तिचं काम केलं.

मला त्या रविवारी काय गमवायचं होतं? परवीन नावाची एक इराणी मुलगी होती. तिची आई मोटार घेऊन येणार होती आणि चौघींना बंगल्यावर चहाला नेणार होती. केक होता, ग्रामोफोन होता. मला असं बोलावणं पहिल्यांदाच आलेलं. हे एवढंच होतं हो. मोठं काही असतं तर सांगताना बरं वाटलं असतं.

शनिवारी कुणी सापडत नाही. शनिवारी साऱ्या मुली झोपेतसुद्धा इंग्रजीत बरळायच्या. जेवण झालं, दुपार झाली, बिल्ला आपला माझ्याच खिशात. मी पोरींच्या मागं मागं हिंडत होते आणि कुणी चुकत नव्हती. मग मी पाण्याच्या टाकीमागं गेले. तिथं गंगू एकटीच उद्यासाठी बूट चमकवत बसली होती.

मी तिच्याजवळ टेकले. आणि म्हणाले — आपल्या बोलीत, अगदी हळू — “गंगे, अप्पा आल्यावर तू त्यास्नी पयलं काय सांगशील?”

तिनं इकडंतिकडं बघितलं. मान हलवली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग आठ दिवसांचं सगळं बाहेर पडलं. अप्पांना इथला नळ दाखवायचा आहे. अव्वाचं, म्हणजे आईचं, दुखणं कसं आहे ते विचारायचं आहे, खरं खरं, कारण घरचे खोटं लिहितात. तिच्या पाटीचं — म्हणजे शेळीच्या पिलाचं — काय झालं ते विचारायचं आहे. मला सोडून जाऊ नका असं म्हणायचं नाही, कारण मग त्यांचा पाय निघायचा नाही. ती बोलत होती, मधेच कानडी येत होतं, नाक पुसत होती, हसत होती. आणि मी ऐकत होते. खरं सांगू? मला ते ऐकायला फार गोड वाटत होतं. कितीतरी दिवसांनी घरी गेल्यासारखं. मी तिला थापटत होते ते ढोंग नव्हतं. हेच मला अजून उमजत नाही — ते ढोंग नव्हतं, आणि तरीही माझा दुसरा हात खिशात त्या चकतीवर होता.

चारच्या चहाला रांगेत रेटारेटी झाली. तेव्हा मी तो तिच्या खिशात सोडला.

चहा पिताना तिला तो लागला. ती माझ्यासमोरच बसली होती. हात खिशात तसाच राहिला आणि चेहरा पांढरा पडला. मग तिनं वर बघितलं, थेट माझ्याकडे. कळलं हिला, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. शिवाय माझ्याही लक्षात आलं, की मीही मराठी बोललेच होते; ती तो मला परत देऊ शकत होती. अजून तास होता. म्हणून मी उठले आणि वाचनालयात जाऊन मिसच्या शेजारी पुस्तक उघडून बसले. पाचची घंटा होईपर्यंत तिथून हलले नाही. पुस्तक कुठलं होतं, विचारू नका.

घंटेला गंगू उभी राहिली.

रविवारी अकराला अप्पा आले. हे मला आमच्या माळ्यानं सांगितलं. मुख्य बाई काही राक्षसीण नव्हत्या. त्यांनी मोडक्या हिंदुस्थानीत त्यांना समजावलं, की पाचनंतर मुलीला खुशाल भेटा. पण वाठारची गाडी गाठायची तर तीनची मोटार धरायलाच हवी होती. दुसरा कुणी भांडला असता, हातापाया पडला असता. ते फौजी माणूस. नियम आहे म्हटल्यावर त्यांनी सलाम ठोकला आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. बाईंचं मन पालटेल असं वाटलं असेल का त्यांना? मला माहीत नाही.

दोनला परवीनच्या आईची मोटार आम्हाला घेऊन निघाली ती फाटकाशी थांबली. मी मोटारीच्या खिडकीशी बसले होते. शाळेनं माझं सगळं बदललं होतं, पण कपाळावरचं गोंदण काही पुसता आलं नव्हतं. त्यावरूनच ओळखलं अप्पांनी. उठून जवळ आले. हातात घोंगडीचं गाठोडं होतं.

“तूच व्हय उंब्रजची इंदू? गंगीची अव्वा लय सांगत हुती तुजं.” मग म्हणाले, “तू हायस तिच्याजवळ, म्हनून मला घोर न्हाई बग.”

आणि मी काय म्हणाले असेन? मोटारीत तीन मुली होत्या, परवीनची आई होती. नवा आठवडा, बिल्ला पुन्हा कुणाच्याही खिशात जायला मोकळा. मी म्हणाले, “यस, सर.”

ते हसले. पोर इंग्रजी शिकली म्हणून त्यांना कौतुकच वाटलं असावं. केक मी खाल्ला. दोन तुकडे खाल्ले.

दीड वर्षानं इटलीतून त्यांची तार आली — त्यांची म्हणजे त्यांच्याबद्दलची. गंगूला खोलीत येऊन बाईंनी स्वतः सांगितलं. त्यानंतर महिनाभर ती माझ्याच खाटेवर झोपली. मी तिची वेणी घालायची, तिला बळंच दोन घास भरवायची. सगळी शाळा म्हणायची, मैत्रीण असावी तर अशी. मी ते ऐकून घेत होते.

लढाई संपली, स्वराज्य आलं, त्यानंतर वर्ष-दीड वर्षात गंगूचं लग्न झालं. सासर सांगलीचं. नवरीबरोबर सासरी पहिल्यांदा कुणीतरी पाठराखीण म्हणून जायचं असतं. घरात मावश्या होत्या, चुलत बहिणी होत्या. गंगू म्हणाली, इंदूच येईल. अप्पा असते तर त्यांनीही तिलाच धाडली असती. मग मी गेले.

वऱ्हाडाच्या मोटारीत आम्ही शेजारी बसलो होतो. मिरज मागं पडलं होतं. हळदीचा हात तिनं माझ्या हातावर ठेवला आणि एकाएकी तो शनिवार काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, आता विचारणार.

ती म्हणाली, “तो बिल्ला मला तुला देता आला असता, ठाऊक हाय? लय आलं मनात. तुज्याकडं बगत बसले हुते. पर त्या आठ दिसांत माज्यासंगं आपल्या बोलीत बोललेलं तू येकटीच. सवताला बिल्ला लागंल म्हनून भ्याली न्हाईस. मग तुला कसा दिऊ?”

मोटार पुढं चालली होती. तिच्या कपाळाची मुंडावळी सुटत आली होती. मी ती नीट बांधून दिली.

पुढे ती पंचेचाळीस वर्षं जगली. पंचेचाळीस वर्षं मी तिच्या घरी जात होते, आणि दर वेळी ती दारातूनच आत ओरडून सांगायची, माझी पाठराखीण आली म्हणून.