शेवयांचे नंबर घेणारा मोबाईल

आमच्या घरात शेवयांचं मशीन आहे आणि ते माझ्या बायकोचं आहे. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. गाळप संपलं की आम्ही हंगामी माणसं घरी बसतो, आणि नेमका तेव्हाच तिचा हंगाम सुरू होतो. इंदापूर तालुक्यातल्या बावडा गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं घर, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये मशीन. बायका घरून रवा भिजवून आणतात आणि शेवया पाडून घेऊन जातात. भिजवलेला रवा उन्हाळ्यात फार वेळ थांबत नाही, आंबतो. म्हणून नंबराला महत्त्व.

पूर्वी नंबर म्हणजे डबा. सकाळी लवकर येऊन आपला रिकामा डबा ओळीत ठेवायचा आणि घरची कामं उरकायला परत जायचं. बाई नसली तरी डबा तिची जागा धरून असायचा. कुणी डबा मागे सारला की भांडण व्हायचं, आणि ते सोडवायला मला बोलवायचे, कारण काट्यावरचा माणूस खोटं बोलणार नाही अशी समजूत.

मुलगी बारामतीला कॉम्प्युटर शिकत होती. शेवटच्या वर्षाला असताना तिने ही डब्यांची रांग मोडायचं मनावर घेतलं. एक फॉर्म तयार केला. त्यात नाव, गाव, मोबाईल नंबर, किती किलो, कोणता दिवस आणि शेवटी सूचना. फॉर्मची लिंक तिने गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. भरलेला फॉर्म कुठे जातो, असं मी विचारलं तेव्हा तिने शेडच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे तिचा कॉलेजातला जुना मोबाईल चार्जरला लावून उभा केला होता. काच कोपऱ्यातून तडकलेली. तोच फॉर्म घेणारा सर्व्हर. इंटरनेटवर लांब कुठे भाड्याची जागा घ्यायला नको, आणि वीज गेली तरी याच्या पोटात बॅटरी आहेच, असं तिचं म्हणणं. वायफायच्या डब्यासाठी तेवढा एक लहान इन्व्हर्टर मी बारामतीहून आणला.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नोंद उमटायची. नरसिंहपूरहून कुणी चार किलो, लुमेवाडीहून कुणी सात. सूचनेच्या रकान्यात बायका वाट्टेल ते लिहायच्या. ‘बारीक पाडा, मागल्या वर्षी जाड झाल्या होत्या.’ ‘काकू, पाय बरा आहे का?’ मी वाचून दाखवायचो आणि बायको मशीनवरून उत्तरं द्यायची, जणू ती बाई समोरच उभी आहे.

मग मुलीला बंगळूरला नोकरी लागली. तरी दोन वर्षं ती हंगामाच्या तोंडाला आठ दिवस येत राहिली. वर्षभर कपाटात पडलेला मोबाईल बाहेर काढायचा, जुन्या नोंदी बाजूला करायच्या, सर्व्हर परत उभा करायचा, हे तिलाच येत होतं. सोलापूरहून येणाऱ्या एसटीने ती इंदापूरला उतरायची. मी स्टँडवर मोटारसायकल घेऊन तासभर आधीच उभा. मोबाईल चालू करणं एका दुपारचं काम, पण ती आठ दिवस राहायची. काठ्यांवर वाळत घातलेल्या शेवयांखाली चटई टाकून झोपायची.

यंदा संक्रांतीच्या सुमारास तिने फोनवर सांगितलं की कामाचा ताण फार आहे, मी तुम्हाला सगळं शिकवून ठेवते. मी शिकलो. मला आकड्यांची, क्रमाची सवय आहे. ती सांगेल ते मी पायरीपायरीने करत गेलो. कोणता आदेश कधी द्यायचा, नोंदींची फाइल कुठे, बंद पडला तर काय. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं, म्हणजे दोन आडव्या, दोन उभ्या रेघांचं चिन्ह टाकलं की मशीन ती ओळ वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी असते, हेही तिनेच सांगितलं. पाडव्याच्या आधी मी एकट्याने सर्व्हर उभा केला आणि पहिली नोंद आल्यावर तिला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. फार खूश होती. म्हणाली, “पप्पा, मग आता मी रजा राखूनच ठेवते. तुम्हाला सगळं येतंय.”

बायको पलीकडे रवा मळत होती. फोन संपल्यावर म्हणाली, “शिकायची भारी घाई तुम्हाला. न येणारा बाप असता तर पोरगी आली असती.”

पुढे कितीतरी सकाळी मी खिडकीपाशी उभा राहायचो. मोबाईल बंद करून ठेवला आणि काही सुरू होत नाही म्हणून कळवलं, तर ती येईल. एवढं सोपं होतं. पण काट्यावर इतकी वर्षं वजन इकडचं तिकडे केलं नाही, ते घरात करायला हात उचलेना. मोबाईल बिनतक्रार चालत राहिला.

आणि मग एका सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कॅनॉलपलीकडच्या वस्तीवरच्या बाराजणी उतरल्या. प्रत्येकीजवळ भिजवलेल्या रव्याचं पातेलं. माझ्या यादीत त्या दिवशी वस्तीवरचं एकच नाव होतं, तेही सगळ्यांत म्हाताऱ्या आजीचं, दोन किलो.

आजी म्हणाली, “आमी समद्यांनी नंबर लावलाय. हिनं माझ्याम्होरं बटण दाबलंय.”

‘हिनं’ म्हणजे तिची नातसून. वस्तीवरचे चांगले मोबाईल दिवसा गड्यांबरोबर रानात जातात, एक तेवढा या नातसुनेपाशी राहतो. तिने एकेकीला विचारून बारा फॉर्म भरले होते, सगळे स्वतःच्या मोबाईल नंबरावर. आणि पहिल्या वर्षी लोक फॉर्म गेला की नाही या शंकेने चार-चारदा बटण दाबायचे, म्हणून मुलीने नियम केला होता की एका मोबाईलची एकच नोंद. पुन्हा आली तर नवी ठेवायची, जुनी पुसायची. अकराजणींना बारावीने पुसलं होतं.

मी समजावून सांगितलं. एकजण म्हणाली, “डबं बरं हुतं, भाऊ. डब्यानं डबा तर खाल्ला न्हाय कधी.”

सगळ्या हसल्या. बायको हसली नाही. तिने पदर खोचला, त्या दिवशीच्या बाकीच्यांना फोन करून रवा आज भिजवू नका म्हणून सांगायला मला लावलं आणि बारा पातेली ओळीने मांडून घेतली.

फोन करता करता माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहितो. मला आनंद झाला होता. आता खरोखरच बिघाड झाला होता. नियमच बदलायचा म्हणजे मला शिकवलेल्यातलं काम नाही. तिला यावं लागेल.

तिला कळवलं. ती ऑफिसात होती. म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत बघते, तुम्ही मोबाईलसमोर बसा. दुपारी मी खिडकीपाशी स्टूल घेऊन बसलो. थोड्या वेळाने पडद्यावर आपोआप अक्षरं उमटू लागली. ती बंगळूरहून आत आली होती, तिलाही हाच पडदा दिसत होता. तिने सर्व्हर थांबवला, नियमाची फाइल उघडली. मी हात न लावता बघत होतो. एक शब्द लिहायची, थांबायची, अर्धा पुसायची, परत लिहायची. शाळेत गणित सोडवतानाही ती अशीच करायची, खोडरबराने वहीचा कागद फाटेपर्यंत. कुठे थांबली की मला तिची मान तिरकी झालेली दिसायची.

एका मोबाईलवर कितीही नावं चालतील, नाव आणि मोबाईल दोन्ही सारखे असले तरच जुनी नोंद पुसायची, असा तिने नियम केला. आलेले सगळे फॉर्म ती आणखी एका फाइलीत जसेच्या तसे ठेवत होती. त्यातून पुढच्या दिवसांच्या पुसलेल्या नोंदीही तिने परत आणल्या. अर्धा तास लागला नसेल. यायची काही गरज नव्हती.

काम संपल्यावर अक्षरांपुढची लहान पट्टी तशीच लुकलुकत राहिली. फोन करता आला असता, पण मी तिथेच इंग्रजी अक्षरांत लिहिलं, जेवलीस का? आणि बटण दाबलं. मशीनने इंग्रजीत कळवलं की असा आदेश सापडत नाही.

मग मला ते चिन्ह आठवलं. ते आधी टाकून पुन्हा तेच लिहिलं. मशीन गप्प राहिलं. थोड्या वेळाने खाली तिची ओळ उमटली, तेच चिन्ह लावून.

‘डबा उघडलाय. खातेय आणि टाइप करतेय.’

मी लिहिलं, यंदा येणारच नाहीस?

एक शब्द उमटला, अर्धा पुसला गेला. मग तिने लिहिलं, ‘जुलैत रजा मिळेल.’

जुलैत मशीनवर गोणपाट पडलेलं असतं आणि हा मोबाईल कपाटात. मी खरं तेच लिहिलं, तेव्हा इथे तुझ्यासाठी काही काम नसेल.

‘माहितीये पप्पा. झोपायला येते.’

त्यानंतर तिने सर्व्हर चालू केला आणि निघून गेली. शेडमधून बायकोने विचारलं, दुरुस्त झालं का? मी हो म्हणालो. काय म्हणाली, विचारल्यावर जुलै म्हणून सांगितलं. तिने मशीनचं झाकण पुसता पुसता विचारलं, “जुलैत शेवया कुठं वाळायच्या?” आणि मग स्वतःच म्हणाली, “तिच्या वाटणीच्या आत्ताच करून ठेवते.”

दुपारनंतर नोंदी येऊ लागल्या. एकेक नोंद खाली उमटायची आणि मुलीची ती शेवटची ओळ एक घर वर सरकायची. दिवेलागणीपर्यंत ती पडद्याच्या वरच्या काठातून दिसेनाशी झाली. बोटाने खाली ओढलं की परत दिसते. मी ओढून पाहिली.