लपंडावात लाजो सापडेना

परवा अंबरनाथला मावशीच्या शाळेत पोरांना खेळवायला गेलो होतो. म्हटलं तुम्हा मंडळींना सांगून टाकावं, जरा हलकं वाटेल.

मावशी तिथं पहिलीला शिकवते. शाळा कसली, जुनं भाताचं कोठार, त्याला खिडक्या पाडल्यात. परीक्षा झाल्या, निकाल लागायचा होता... मधला एक दिवस पोरांच्या मजेचा. मावशी म्हणाली, "तू नाहीतरी उंडारतोसच. ये, त्या निमित्तानं शाळेचं तोंड तरी बघशील."

सकाळ झकास गेली. मातीचे आंबे केले, रद्दीच्या टोप्या घातल्या, लिंबू-चमचा झाला. मी ताडाच्या पानाची भिरभिरी करून देत होतो. पान कोवळं हवं, पण फार कोवळंही नको, नाहीतर वाऱ्यात मान टाकतं... जांभूळ गावाच्या बाजूला एक ताड आहे, त्याची पानं... असो.

शेवटी लपंडाव काढला. जो कुणालाच सापडणार नाही, त्याला सगळ्यात मोठं भिरभिरं.

एकेक करत सगळी सापडली. लाजो सोडून.

लाजो म्हणजे कॅम्पातली सिंधी पोरगी. फाळणीनंतर कराचीहून बोटीनं आलेली माणसं इथं लष्कराच्या रिकाम्या बरॅकींत राहतात, त्यांतली. मराठी भरभर शिकली, पण बोलते अगदी हळू.

"लाजो, तू जिंकलीस, ये बाहेर!" पोरांनी हाका मारल्या. मग मावशीनं. मग मी, घसा फुटेस्तोवर. कुठंच काही हलेना.

शाळेच्या मागं विहीर आहे. तिला कठडा आहे, पण पहिलीतलं पोर चढेल एवढाच. मी वाकून बघितलं. पाणी काळं, शांत... पलीकडे रेल्वेचे रूळ. तिकडंही धावत जाऊन आलो. तेवढ्यात एक मालगाडी गेली आणि मला तिच्याकडं बघवेना.

मावशीचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "तिच्या आईला घेऊन ये. आणि वाटेत कुठं रमू नकोस, तुझ्या पाया पडते."

वाटेत एक जण पेट्रोमॅक्सची बत्ती उघडून दुरुस्त करत बसला होता. एरवी मी तिथं दुपार काढली असती. त्या दिवशी पायच थांबले नाहीत. पण आत सारखं चाललं होतं... त्या बाईला सांगू काय? एवढा समुद्र ओलांडून पोरगी आणली, आणि आम्ही ती खेळता खेळता हरवली?

लाजोची आई दारात वड्या... नव्हे, पापड वाळत घालत होती. "लाजो छुप गई, मिलती नहीं," एवढंच माझ्या तोंडून निघालं. ती उठली, तशीच निघाली. रडणं नाही, ओरडणं नाही. चालता चालता एकच विचारलं, "नाम लेके बुलाया?"

"सगळ्यांनी बुलाया. जोर जोर से."

"इसी लिए," ती म्हणाली. मला काही कळेना.

शाळेत आल्यावर तिनं सगळ्यांना गप्प केलं. "मास्टर, तुम भी चुप." मास्तर कसला मी... पण गप्प बसलो. मग ती वर्गाच्या मधोमध उभी राहिली आणि साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तशी, हाका मारू लागली.

"डाडा, अचो... डाडी, अचो... चाचा, अचो... बाबा, अचो..."

सिंधीत 'या' म्हणत होती. आजोबा, आजी, काका, बाप. सगळं घर बोलावून झालं आणि अगदी शेवटी, "लाजो, अच."

कोपऱ्यात सुट्टीसाठी तरटपट्ट्या गुंडाळून रचल्या होत्या. त्यांतली एक हलली. आतून आधी दोन पाय आले, मग घामानं निथळणारी लाजो. मी तिथंच, हातभर अंतरावर उभा राहून ओरडलो होतो. तिनं सगळं ऐकलं होतं.

मावशी मटकन खाली बसली. आईनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि आमच्याकडं न बघताच बोलली. "उधर छुपना पड़ता था, तब मैंने सिखाया. कोई तेरा अकेला नाम ले तो मत आना. मैं लूँ तो भी मत आना, समझना किसी ने मुझसे बुलवाया है. पूरे घर को बुलाऊँ, तब आना."

मला राहवलं नाही. विचारलं, "घर में डाडा, चाचा सब हैं?"

"डाडा बोट पे ही गुज़र गए. चाचा तो पहुँचा ही नहीं." तिनं पोरीच्या केसांतला तरटाचा धागा काढला. "पर नाम छोड़ूँगी तो ये नहीं आएगी."

लाजोनं माझ्याकडं हात पसरला. भिरभिरं तिचंच होतं. घेतलं, फुंकर मारून बघितलं, आणि आईचं बोट धरून निघून गेली.

काल बदलापूरला घरी गेलो, बऱ्याच दिवसांनी. आईनं लांबून बघितलं आणि दारातूनच हाक मारली... माझं नाव, एकट्याचं.

मी अंगणातच थबकलो. तिच्या मागं घरात कोण आहे, ते वाकून बघितलं.

कोणी नव्हतं. नुसती आई होती. मग आत गेलो.