बावीस पूर्ण

“तुमी चाला पुढं, मी हाओ ना मांगं.”

आमच्या कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रींच्या तोंडी हे वाक्य इतकं असायचं की ते कोणाला नेमकं कधी म्हणाले हे आता सांगता येणार नाही. पंक्चर काढून दिलं की म्हणायचे, लग्नाच्या वरातीत म्हणायचे. एकदा दवाखान्याच्या रांगेतसुद्धा त्यांनी मला हेच सांगून पुढे केलं आणि स्वतः ताप अंगावर घेऊन तासभर उभे राहिले.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आजी सायकलवाल्या ग्रुपबरोबर आता का जात नाही. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ते खोटं होतं. खरं कारण लिहून पाठवते, कारण बोलताना माझा आवाज चढतो.

आमचा ग्रुप म्हणजे डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि त्यांची कमावती मुलं. सायकली अशा की बोटावर उचलाव्यात. मी चालवत नसे. मी पुढच्या गाडीतून जाऊन मुक्कामाची सोय बघायची आणि हजेरी घ्यायची. चाळीस वर्षं वर्गात हजेरी घेतलेली बाई, ते काम माझ्याकडे आपोआप आलं. मिस्त्रींना ग्रुपच्या कप्तानांनी ‘दुरुस्तीला’ घेतलं होतं. ते आपल्या काळ्या, जड, बावीस इंची सायकलवर, कॅरिअरला हत्यारांची पिशवी बांधून सगळ्यांच्या मागे असायचे. अठ्ठावन्नचं वय, पायांत रबरी चपला. कोणी थांबला की हे थांबणार, तो निघाल्याशिवाय हे निघणार नाहीत.

त्या फेब्रुवारीत चार दिवसांची फेरी ठरली. अमरावतीहून रिद्धपूरवरून मोर्शी, मग परतवाडा, मग दर्यापूर, शेवटी अकोला. निघताना कप्तानांनी सगळ्यांना गोल उभं करून एक नियम सांगितला. शेवटचा माणूस येईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी मान डोलावली. नियम फार आवडला असावा, कारण नंतर तो त्यांनी मला परत सांगून दाखवला.

मग त्यांनी हळूच विचारलं, “म्याडम, माझं नाव लिवलं काय?”

मी हसून म्हटलं, “तुमचं काय लिहायचं मिस्त्री, तुम्ही तर आपलेच.”

हे मी बोलले. प्रेमानं बोलले, म्हणून तर जास्त राग येतो. वहीत एका पानावर बावीस नावं होती. मिस्त्री समोरच्या पानावर होते, पंप, ट्यूबा आणि प्रथमोपचाराच्या पेटीबरोबर.

पहिले तीन दिवस छान गेले. मोर्शीला एका बागाईतदारानं संत्र्याची टोपली पुढे केली, मिस्त्रींनी सगळ्यांचं झाल्यावर दोन उचलली. चौथ्या दिवशी दर्यापूर सोडलं तेव्हाच आभाळ काळंनिळं होतं. पुढे रस्ता खोदून ठेवलेला. कप्तानांनी फोनमध्ये पाहून एक पांदण शोधली, म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. चार किलोमीटर वाचणार होते. रात्री पाऊस पडून गेला होता, म्हणून मिस्त्रींनी नको म्हटलं. कप्तान म्हणाले, फोनमध्ये रस्ता स्वच्छ दिसतोय.

“फोनले माती दिसत नाई, साहेब,” मिस्त्री म्हणाले.

सगळे हसले आणि पांदणीत शिरले. मिस्त्रीही मागून शिरले. पुढच्याच्या मागे राहायचं हे त्यांचं काम होतं, पुढचा चुकला तरी.

तिकडची काळी माती तुम्ही पाहिलेली नाही. ओली झाली की ती चाकाला चिकटत नाही, चाकाला धरते. दहा पावलांत चाक आणि चिमटा यांच्यामध्ये असा गोळा बसतो की सायकल ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. मिस्त्रींनी बाभळीच्या काडीनं एकेकाची चाकं मोकळी केली, एकेकाला बाहेर काढलं. हे मला नंतर कळलं. मी तेव्हा लांबच्या रस्त्यानं गाडीतून पुढच्या गावात पोचले होते. रविवार होता. बंद शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांची वाट पाहत होते.

सगळ्यांत शेवटी आमच्यातली एक मुलगी ट्रॅक्टरवर बसून आली. तिच्या सायकलचा गिअर चिखलात तुटला होता. मिस्त्रींनी वाटेवरचा ट्रॅक्टर थांबवून तिला बसवून दिलं आणि सायकल मी आणतो म्हणून सांगितलं. आल्या आल्या ती म्हणाली, काका मागे आहेत. कप्तान म्हणाले, येतील, त्यांना सवय आहे.

मी वही उघडली, तिच्या नावापुढे खूण केली आणि मोठ्यानं म्हटलं, “बावीस पूर्ण.”

लगेच गारा सुरू झाल्या. आवळ्याएवढ्या. शाळेचे पत्रे असे वाजत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आमची शहाणीसुरती माणसं व्हरांड्यातून गारांचे व्हिडिओ काढत होती. एकानं हातात गार घेऊन फोटो काढून घेतला. पंचवीस मिनिटांनी थांबल्या. पुढे आता सायकली चालणार नव्हत्या. त्या सामानाच्या टेम्पोत टाकल्या, माणसं मी आले त्या मिनीबसमध्ये बसली आणि आम्ही अकोल्याला निघालो, कारण पाच वाजता सत्कार होता, पाहुणे येणार होते. ती मुलगी पुन्हा काहीतरी म्हणाली. कोणी ऐकलं नाही. फोनला रेंज नव्हती असं मी पुढे बरेच दिवस लोकांना सांगत राहिले. मी फोन लावलाच नव्हता. माझे बावीस पूर्ण होते.

सत्कार सुरू झाला. वकिलांनी वादळावर भाषण केलं, निसर्गाशी झुंज वगैरे. बावीस पदकं आणली होती, माझ्या यादीवरून करून घेतलेली. ती वाटून झाली आणि सहाच्या पुढे कधीतरी हॉलच्या दारात मिस्त्री उभे राहिले. कमरेपर्यंत काळे. कपाळावर गार लागून टेंगूळ आलेलं. एका हातात त्यांची सायकल, दुसऱ्या हातात त्या मुलीची. ते मला शोधत आले.

“सगये पोचले ना, म्याडम?”

मग त्यांनी सांगितलं ते ऐका. गारांमध्ये ते एका ओढ्यावरच्या मोरीखाली बसले होते, दोन्ही सायकली घेऊन. थांबल्यावर शाळेत आले, तर तिथे कोणी नाही. आम्ही निघून गेलो असू असं त्यांच्या मनातही आलं नाही. नियम होता ना. त्यांना वाटलं, ट्रॅक्टर कुठेतरी रुतला असेल आणि बाकीचे त्या मुलीला काढायला परत पांदणीत गेलेत. फोन भिजून बंद पडला होता. मुलीची सायकल व्हरांड्यात ठेवून हा माणूस परत त्या चिखलात गेला. आम्हाला शोधायला. पार पांदणीच्या तोंडापर्यंत हाका मारत गेला. कोणीच नाही म्हटल्यावर परतला, शाळेतली सायकल घेतली आणि एक चालवत, एक ओढत अकोल्याला आला.

कप्तानांनी माइकवरून काय सांगावं? “आमचे मिस्त्री जरा रस्ता चुकले होते.” हॉल हसला. मिस्त्रीही हसले, कारण सगळे हसत होते. मी आजवर पुष्कळ उद्धटपणा पाहिला आहे, पण त्या हसण्याइतकं नीच काही ऐकलेलं नाही.

कोणाच्या तरी लक्षात आलं की पदक उरलं नाही. कप्तानांनी स्वतःचं काढून त्यांच्या गळ्यात घातलं, फोटो निघाला. तो दुसऱ्या मिनिटाला ग्रुपवर पडला, ‘आमचा तेविसावा रायडर’ असं लिहून. मिस्त्रींनी पदक काढलं, चिखल लागला असेल म्हणून शर्टाच्या कोरड्या बाजूनं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले,

“मले मोजलं असतं तं थांबले असते ना तुमी?”

रागानं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हो म्हटलं.

“मंग ठीक हाय,” म्हणाले. काय ठीक होतं ते मला आजही कळलेलं नाही.

उद्या परतताना मिनीबसमध्ये बसा, सायकल टेम्पोत टाकू, असं मी खूप विनवलं. ऐकलं नाही. ग्रुप मी त्याच आठवड्यात सोडला, दोन पानांचं पत्र लिहून. कप्तानांनी उत्तरात हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मिस्त्रींनी पुढच्या उन्हाळ्यात दुकान आवरलं आणि चांदूर रेल्वेकडे मुलीच्या गावी गेले. तोवर मी त्या कोपऱ्यावरून जाणंच टाळलं, त्यांची भेट झाली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्याहून परतताना. सकाळी ऊन स्वच्छ पडलं होतं. मूर्तिजापूरच्या पुढे मिनीबसच्या काचेतून ते दिसले. पहाटेच निघाले असणार. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. थोडं पुढे जाऊन गाडी कडेला उभी राहिली आणि मी खाली उतरले. ते जवळ आले. मला वाटलं, थांबतील. त्यांनी मान हलवली, घंटी वाजवली आणि सायकल आमच्या गाडीच्या बाजूनं पुढे काढली. आत बावीस जण बसले होते. मी रस्त्यात उभी राहून त्यांची पाठ पाहत राहिले. मागे वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही.